सिग्नल जनरेटरला वेव्हफॉर्म बायनरीत पाठवताना

आर्बिट्ररी वेव्हफॉर्म जनरेटरमध्ये (थोडक्यात आर्ब, तुम्ही द्याल त्या आकाराची लहर बाहेर काढणारे यंत्र) स्वतःची लहर भरायचे दोन मार्ग असतात. −१ ते +१ मधले आकडे स्वल्पविराम देत मजकूर म्हणून पाठवायचे, किंवा तेच आकडे पूर्णांक करून थेट बाइटच्या रूपात पाठवायचे. शंभर-दोनशे पॉइंट असतील तर पहिला मार्ग खुशाल घ्या. तो डोळ्यांनी वाचता येतो आणि चुकला तर लगेच कळतो. पण −०.७०७१०७ एवढा एक आकडा स्वल्पविरामासकट दहा बाइट खातो, बायनरीत तोच दोन बाइटांत बसतो. ६५,५३६ पॉइंटची लहर मजकुरात साडेसहा लाख बाइटांच्या घरात जाते, बायनरीत ती १,३१,०७२ बाइटांत संपते. शिवाय मजकुरातला प्रत्येक आकडा यंत्राला वाचून, उलगडून, पूर्णांकात बदलावा लागतो. जुन्या यंत्रांत पाठवण्यापेक्षा यातच जास्त वेळ जातो.

बायनरीची खोड अशी की बाइटच्या अंगावर काहीच लिहिलेले नसते. १८ आणि ५२ हे दोन बाइट म्हणजे ४६६० की १३३३०, चिन्हासहित की चिन्हाविना, हे पाठवणारा आणि वाचणारा यांनी आधी ठरवलेले असावे लागते. ठरलेले जुळले नाही तर यंत्र बहुतेक वेळा तक्रारही करत नाही. जे वाचले ते बाहेर काढते आणि स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) गवत उगवल्यासारखे दिसते. म्हणून या कामात खरी लहर सगळ्यात शेवटी पाठवायची. आधी कागदावर हिशेब, मग चाचणीची लहर, मग खरी.

मॅन्युअलमधून आधी काय काढायचे

प्रोग्रॅमिंग मॅन्युअलमधल्या डेटा पाठवण्याच्या कमांडच्या पानावर सहा गोष्टींची उत्तरे मिळायला हवीत: डीएसी (आकड्याचे व्होल्टेज करणारा भाग) किती बिटांचा, आकड्यांची परवानगी असलेली रेंज कोणती, बाइटचा क्रम कोणता, १६ पेक्षा कमी बिट असतील तर ते शब्दाच्या खालच्या टोकाला टेकवायचे की वरच्या, कमीत कमी व जास्तीत जास्त पॉइंट किती (आणि संख्या कशाच्या पटीत हवी का), आणि डेटाच्या आधी हेडर (पुढे किती बाइट येणार ते सांगणारी अक्षरे) लागतो का. मार्करचे (लहरीसोबत वेगळ्या तारेवर जाणाऱ्या चालू-बंद खुणेचे) बिट डेटातच मिसळलेले असतात का, हेही बघून ठेवा. काही आर्बमध्ये १६ बिटांपैकी १४ बिट लहरीचे आणि वरचे दोन मार्करचे असतात. तिथे ऋण संख्येचे चिन्ह वरच्या बिटांत सांडले की मार्कर आपोआप टिमटिमायला लागतात.

एका यंत्राचे नियम दुसऱ्याला चालतील असे धरून चालू नका. एजिलेंट ३३१२०ए मध्ये १२ बिट, रेंज −२०४७ ते +२०४७ आणि कमाल १६,००० पॉइंट. ३३२२०ए मध्ये १४ बिट, −८१९१ ते +८१९१, कमाल ६५,५३६ पॉइंट. नंतरच्या ३३५०० मालिकेत १६ बिट आणि −३२७६७ ते +३२७६७. टेक्ट्रॉनिक्सची एएफजी३००० मालिकाही १४ बिटांचीच, पण तिला ऋण आकडे चालत नाहीत: रेंज ० ते १६३८२, मोठा बाइट आधी. रिगोलच्या डीजी१०००झेडमध्ये ० ते १६३८३, लहान बाइट आधी. सिग्लेंटच्या एसडीजी२०००एक्समध्ये चिन्हासहित १६ बिट, लहान बाइट आधी, आणि डेटाच्या पुढे नेहमीचा ब्लॉक हेडरच नाही. मॅन्युअल उघडल्याशिवाय यातले काहीही अंदाजाने कळण्यासारखे नाही.

पॉइंट काढणे: शेवटचा पॉइंट आणि पूर्ण आवर्तने

लहर मेमरीत एकदा भरली जाते आणि यंत्र ती फिरवत राहते. शेवटच्या पॉइंटनंतर लगेच पहिला येतो, त्यामुळे हा सांधा बेमालूम हवा. एका आवर्तनात १००० पॉइंट असतील तर कोन काढताना पॉइंटचा क्रमांक ० ते ९९९ घ्या आणि भागा १००० ने. ९९९ ने भागलेत तर पहिला आणि शेवटचा पॉइंट एकच येतो, प्रत्येक फेरीत लहर एका पॉइंटपुरती थबकते आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर नको त्या रेषा उभ्या राहतात. नमपाय (पायथॉनची गणिती लायब्ररी) आणि मॅटलॅबमधले लिनस्पेस (सारख्या अंतराचे आकडे देणारे फंक्शन) सांगितले नाही तर शेवटचे टोक धरूनच मोजते, त्यामुळे ही चूक सर्रास होते. नमपायमध्ये एंडपॉइंटचा पर्याय बंद करा. मॅटलॅबमध्ये एक पॉइंट जास्त मागून शेवटचा टाकून द्या.

एकापेक्षा जास्त आवर्तने भरायची असतील तर वारंवारता = आवर्तने × सॅम्पल रेट ÷ पॉइंट. सेकंदाला १० कोटी सॅम्पल असतील आणि १.७ मेगाहर्ट्झ हवे असेल तर १००० पॉइंटमध्ये १७ आवर्तने नेमकी बसतात. ३ मेगाहर्ट्झसाठी ३० आवर्तनेही बसतात, पण ३० आणि १००० यांना १० ने भाग जातो, म्हणजे तीच शंभर पॉइंटची लहर दहा वेळा भरल्यासारखे होते. पूर्णांकात बदलताना होणाऱ्या चुका मग दर शंभर पॉइंटला जशाच्या तशा उगवतात आणि मोजक्या ठिकाणी गोळा होतात. सामाईक भाजक नसलेली जोडी निवडणे चांगले.

दोन टोन एकत्र करायचे तर दोघांचीही पूर्ण आवर्तने एकाच खिडकीत बसवायची. १० किलोहर्ट्झ आणि १२.५ किलोहर्ट्झ यांचा मसावि २.५ किलोहर्ट्झ, म्हणून खिडकी ४०० मायक्रोसेकंद. सेकंदाला १ कोटी सॅम्पल घेतले तर ४००० पॉइंट, त्यात एका टोनची चार आणि दुसऱ्याची पाच आवर्तने.

तुमचे यंत्र डीडीएस पद्धतीचे (वारंवारतेनुसार मेमरीतले पॉइंट गाळत किंवा पुन्हा वापरत जाणारे) आहे की भरलेला प्रत्येक पॉइंट मोजून काढणारे, हेही पाहा. ३३२२०ए सारख्या डीडीएस यंत्रात तुम्ही १६,३८४ पर्यंत कितीही पॉइंट पाठवले तरी आत १६,३८४ पॉइंटची लहर तयार होते. त्याहून जास्त पाठवले तर ६५,५३६ ची. तिथे सॅम्पल रेट तुमच्या हातात नसतो. जी वारंवारता सेट कराल ती अख्खी मेमरी एकदा फिरण्याची. मेमरीत पाच आवर्तने भरून १ किलोहर्ट्झ सेट केलेत तर बाहेर ५ किलोहर्ट्झ येणार.

आकडे पूर्णांकात बसवणे

आता लहर −१ ते +१ मध्ये आणा. सगळ्या पॉइंटमधला सर्वांत मोठा निरपेक्ष आकडा शोधा आणि त्याने भागा. मग रेंजच्या टोकाने गुणा: १४ बिटांसाठी ८१९१, १६ बिटांसाठी ३२७६७. ८१९२ किंवा ३२७६८ ने गुणू नका. १६ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकात ३२७६८ ला जागा नाही. बऱ्याच भाषांत तो गुपचूप −३२७६८ होतो आणि धन शिखराच्या अगदी टोकावर थेट तळापर्यंत जाणारा काटा दिसतो. आकडे रेंजमध्ये छाटायचे असतील तर तेही १६ बिटांत बदलण्याच्या आधी छाटा. बदलल्यावर छाटायला काही उरत नाही, नुकसान होऊन गेलेले असते.

गुणल्यावर जवळच्या पूर्णांकाला न्या. नुसता टाइप बदलला तर बहुतेक भाषा दशांश तोडून शून्याकडे नेतात, त्यामुळे −१ आणि +१ च्या मधले सगळे आकडे शून्यावर येतात, शून्याची पायरी दुप्पट रुंद होते आणि दर शून्यछेदाला बारीक खाच पडते. १४ बिटांत ती डोळ्यांना दिसणार नाही, पण कमी पातळीच्या लहरीत डिस्टॉर्शन मोजताना नक्की दिसेल. सगळे आकडे खालच्या पूर्णांकाला नेले तर खाच पडत नाही, त्याऐवजी अर्ध्या पायरीचा डीसी सरकतो.

एकतर्फी लहरींकडे लक्ष द्या. ० ते +१ मधले पल्स तसेच भरले तर डीएसीची अर्धीच रेंज वापरली जाते. समोर २ व्होल्ट पीक-टू-पीक लिहिलेले आणि स्कोपवर १ व्होल्टचे पल्स, असा प्रकार होतो, कारण यंत्राच्या लेखी २ व्होल्ट म्हणजे तळापासून माथ्यापर्यंतची पूर्ण रेंज. पल्स −१ ते +१ वर ताणून भरा, पीक-टू-पीक १ व्होल्ट ठेवा आणि ऑफसेट यंत्रावरून ०.५ व्होल्ट द्या. रिझोल्यूशनचा एक बिटही पदरात पडतो.

सगळीच रेंज वापरणे मात्र नेहमी शहाणपणाचे नसते. डीएसीच्या आधी इंटरपोलेशन फिल्टर असेल तर दोन पॉइंटच्या मधली लहर पॉइंटच्या वर जाऊ शकते. चौकोनी लहर तीव्र फिल्टरमधून गेली की उडीच्या सुमारे ९ टक्के ओव्हरशूट येतो. उडी −१ पासून +१ पर्यंत, म्हणजे २ ची, म्हणून माथा १.१८ पर्यंत जातो. पॉइंट आधीच टोकाला टेकलेले असतील तर तो माथा डीएसीच्या रेंजबाहेर जातो. व्हेक्टर सिग्नल जनरेटर (रेडिओच्या वाहक लहरीवर डेटा चढवणारी यंत्रे) अशा वेळी डीएसी ओव्हर-रेंजचा एरर देतात. सुरुवात ७० टक्क्यांपासून करा. त्यात सुमारे ३.१ डेसिबल जातात, ते आउटपुट लेव्हलने भरून काढता येतात. मग हळूहळू वाढवत एरर कुठे येतो ते पाहा. कीसाइट (एजिलेंटच्या या यंत्रांचे नंतरचे नाव) ३३५०० मालिकेत आर्बचा फिल्टर नॉर्मल, स्टेप किंवा ऑफ असा निवडता येतो. उडी असलेल्या लहरींना स्टेप योग्य.

चिन्ह, टेकण आणि बाइटचा क्रम

चिन्हासहितचे आकडे टू'ज कॉम्प्लिमेंटमध्ये जातात: ऋण आकड्यात ६५,५३६ मिळवा, आलेली संख्या दोन बाइटांत लिहा. चिन्हाविना हवे असतील तर मधला बिंदू मिळवा. एएफजी३००० साठी −८१९१ ते +८१९१ मध्ये ८१९१ मिळवले की बरोबर ० ते १६३८२ होतात. रेंज १६३८३ वर न संपता १६३८२ वर का संपते, तेही यावरून लक्षात येईल: मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखीच जागा उरते.

टेकण म्हणजे १४ बिट १६ च्या शब्दात कुठे बसवायचे. वरच्या टोकाला हवे असतील तर ४ ने गुणा, ८१९१ चे ३२७६४ होतील. खालच्या टोकाला हवे असतील तर तसेच ठेवा.

बाइटचा क्रम समजायला आठ पॉइंटची साइन लहर हाताने करून बघण्यासारखी आहे. १४ बिट, चिन्हासहित, मोठा बाइट आधी असे धरू. पॉइंट असे येतात:

० , ५७९२ , ८१९१ , ५७९२ , ० , −५७९२ , −८१९१ , −५७९२

५७९२ ला २५६ ने भागले तर भाग २२, बाकी १६०. ८१९१ चे ३१ आणि २५५. −५७९२ मध्ये ६५,५३६ मिळवले की ५९,७४४, त्याचे २३३ आणि ९६. −८१९१ चे ५७,३४५, म्हणजे २२४ आणि १. सगळे बाइट दशमानात:

० ० | २२ १६० | ३१ २५५ | २२ १६० | ० ० | २३३ ९६ | २२४ १ | २३३ ९६

लहान बाइट आधी हवा असेल तर प्रत्येक जोडीतले दोन बाइट उलटे करायचे, जोड्यांचा क्रम तोच. क्रम चुकला तर २२, १६० हे यंत्र १६०, २२ असे वाचते, म्हणजे ४०,९८२, म्हणजेच चिन्हासहित −२४,५५४. ±८१९१ च्या रेंजचे यंत्र यावर −२२२, डेटा रेंजबाहेर, असा एरर देऊ शकते. १६ बिटांच्या यंत्रात मात्र सगळेच आकडे वैध असतात, त्यामुळे एरर येत नाही आणि गवत उगवते.

नेहमीच्या पीसीत, मग तो इंटेल असो की एएमडी, लहान बाइट आधी असतो. एजिलेंटच्या जुन्या यंत्रांचा मूळ क्रम मोठा बाइट आधी. तिथे फॉरमॅट-बॉर्डर कमांडने नॉर्मल किंवा स्वॅप निवडता येते. दोन्हीकडे एकदम बदल करू नका. प्रोग्रॅममध्ये बाइट उलटवले आणि यंत्रालाही स्वॅप सांगितले तर दोन चुका मिळून मूळ चूक परत येते. उलटवायची जागा एकच ठेवा, शक्यतो प्रोग्रॅममध्ये, कारण यंत्र रीसेट केले की त्याचे स्वॅप विसरले जाते.

पायथॉनमध्ये पायव्हिसा (यंत्रांशी बोलायची लायब्ररी) वापरत असाल तर बायनरी आकडे लिहिण्याच्या त्याच्या फंक्शनला दोन गोष्टी स्पष्ट सांगा. न सांगितल्यास ते डेटा ३२-बिट फ्लोट समजते आणि लहान बाइट आधी ठेवते. १६-बिट पूर्णांक सांगायचा राहिला तर प्रत्येक पॉइंटचे चार बाइट जातात आणि यंत्राला दुप्पट पॉइंट मिळतात, तेही निरर्थक.

ब्लॉक हेडर

आयईईई ४८८.२ (मोजणीच्या यंत्रांशी बोलण्याचे मानक) मधला निश्चित लांबीचा ब्लॉक असा असतो: आधी # हे चिन्ह, मग एक अंक, मग बाइटची संख्या, मग लगेच डेटा. तो पहिला अंक पुढची संख्या किती अंकी आहे ते सांगतो. वरच्या आठ पॉइंटचे १६ बाइट, १६ ही दोन अंकी संख्या, म्हणून हेडर #२१६. तारेवरून जाणारे हे अंक आस्की अक्षरे असतात: बाइट ३५, ५०, ४९, ५४. त्यानंतर ० ० २२ १६०… मध्ये स्पेस नाही, स्वल्पविराम नाही. हेडर आणि डेटा मिळून २० बाइट.

४०९६ पॉइंटना #४८१९२. ५००० पॉइंटना १०,००० बाइट, म्हणून #५१००००. प्रोग्रॅममध्ये पहिला अंक ४ असा गोठवून ठेवला की ५०० ते ४९९९ पॉइंटपर्यंत सगळे सुरळीत चालते आणि पाच हजारावर कोसळते. अंक नेहमी लांबीवरून काढा. संख्या पॉइंटची नसून बाइटची असते, हेही घाईत विसरले जाते.

लांबी खऱ्यापेक्षा कमी सांगितली तर उरलेले बाइट यंत्र नवी कमांड म्हणून वाचायला जाते आणि −११३, अनोळखी हेडर, असे एरर ओळीने येतात. जास्त सांगितली तर यंत्र उरलेल्या बाइटची वाट पाहत बसते, तुमची पुढची कमांड लहरीचा भाग म्हणून गिळते आणि शेवटी टाइमआउट. −१६१, अवैध ब्लॉक डेटा, दिसला तर थेट हेडर तपासा. #० ने सुरू होणारा अनिश्चित लांबीचा ब्लॉकही असतो. तो नवी ओळ आणि ईओआय (संदेश संपल्याची खूण देणारी वेगळी तार) यांनी संपतो. ज्या जोडणीत ईओआय नाही तिथे त्याच्या वाटेला जाऊ नका.

हेडर एका बाइटने चुकला तरी सगळे पॉइंट एका बाइटने सरकतात आणि दिसायला ते अगदी उलट्या क्रमासारखेच दिसते. गवत दिसले म्हणून घाईने स्वॅप बदलू नका. आधी पाठवलेल्या संदेशाचे पहिले तीस बाइट छापून पाहा.

तारेवर बाइट कुठे बिघडतात

डेटात ० ते २५५ मधला कोणताही बाइट येऊ शकतो. मजकुरासाठी बनवलेली प्रत्येक सोय म्हणून इथे शत्रू ठरते. विंडोजमध्ये फाइल टेक्स्ट मोडमध्ये लिहिली तर प्रत्येक १० च्या आधी १३ घुसतो. वाचताना २६ दिसला की फाइल संपली असे धरले जाते. संदेश स्ट्रिंगमध्ये ठेवून यूटीएफ-८ ने पाठवला तर १२८ आणि वरचे बाइट दुप्पट होतात. तिन्ही प्रकार एकाच तपासणीत पकडता येतात: हेडर सोडून प्रत्यक्ष पाठवल्या जाणाऱ्या बाइटची संख्या = पॉइंट × २. एका बाइटचाही फरक असेल तर पुढे जाऊ नका.

सिरिअल पोर्टवर डेटा बिट ८ ठेवा आणि हँडशेक (पाठव-थांब असा इशारा) हार्डवेअरचा घ्या. सॉफ्टवेअर हँडशेकमध्ये १७ आणि १९ हे बाइट चालू-बंदचा इशारा मानले जातात. ते लहरीत आले की प्रवाह मधेच थांबतो, आणि एखादी लहर जाते, दुसरी अडकते असा गोंधळ होतो. जीपीआयबीवर (यंत्रे जोडायच्या समांतर बसवर) ईओआय फक्त शेवटच्या बाइटसोबत जायला हवा. प्रोग्रॅमने डेटाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यावर ईओआय दिला तर पहिल्याच तुकड्यावर ब्लॉक मोडतो. पायव्हिसाचा टाइमआउट मुळात २ सेकंदांचा असतो. मोठ्या लहरीसाठी तो २० सेकंद करा.

चाचणीची पायरी

आता खरी युक्ती. १४ बिटांच्या यंत्रासाठी अशी लहर बनवा की पहिल्या अर्ध्या पॉइंटमध्ये ० आणि दुसऱ्या अर्ध्यात ४०९६ असेल. आकडे गणिताने न काढता थेट भरा. फक्त ० आणि ४०९६ एवढेच असल्याने क्रम उलटला तरी आकडा रेंजबाहेर जात नाही आणि एररचा गोंधळ होत नाही. यंत्रावर २ व्होल्ट पीक-टू-पीक, ऑफसेट शून्य, वारंवारता १ किलोहर्ट्झ ठेवा, लोडचे सेटिंग स्कोपच्या इनपुटच्या ओहमशी जुळवा, स्कोप डीसी कपलिंगवर घ्या. मग दोन पातळ्या वाचा:

- ० आणि +०.५ व्होल्ट: सगळे बरोबर, ४०९६ म्हणजे ८१९१ चा निम्मा.
- ० आणि जेमतेम २ मिलीव्होल्ट, जवळजवळ सरळ रेषा: बाइट उलटे. १६, ० चे ०, १६ झाले आणि ४०९६ ऐवजी १६ वाचले गेले.
- ० आणि +०.१२५ व्होल्ट: यंत्राला बिट वरच्या टोकाला टेकलेले हवेत. ४ ने गुणा.
- −१ आणि −०.५ व्होल्ट: यंत्र चिन्हाविना आकडे वाचते. मधला बिंदू मिळवा.
- ० आणि +१ व्होल्ट: डेटा ठीक आहे. यंत्रावर लोड ५० ओहम लिहिलेला आणि स्कोप १ मेगाओहमवर आहे.

साइन लहर पाठवून हेच शोधायला गेलात तर फक्त चिन्हाची चूक ओळखता येते: धन अर्धे तळापासून मध्यापर्यंत चढून परत तळाशी येते, तिथून एकदम माथ्यावर उडी, मग ऋण अर्धे माथ्यापासून मध्यापर्यंत उतरते. बाकीच्या चुका साइनमध्ये एकतर गवतासारख्या दिसतात किंवा "अँप्लिट्यूड जरा कमी आहे" एवढ्यावर निभावून जातात. टेकण चुकलेली लहर एक-चतुर्थांश उंचीची पण आकाराने अगदी बरोबर असते. कोणीतरी अँप्लिट्यूड चौपट करून मोकळे होते आणि दोन बिटांचे रिझोल्यूशन कायमचे हरवते.

पाठवण्याचा क्रम

आउटपुट बंद करा. एररची रांग रिकामी होईपर्यंत वाचा, नाहीतर जुना एरर नव्या लहरीच्या माथी मारला जाईल. बाइटचा क्रम सेट करा, यंत्राला तो पर्याय असेल तर. मग कमांड, एक स्पेस, हेडर आणि डेटा, सगळे एकाच संदेशात. ३३२२०ए च्या डेटा-डीएसी कमांडमध्ये व्होलाटाइल हा शब्द, स्वल्पविराम आणि मग हेडर असा क्रम आहे. पाठवल्यावर ओपीसी क्वेरी (काम पूर्ण झाले का, हा प्रश्न) करून १ येईपर्यंत थांबा आणि पुन्हा एररची रांग वाचा. "० – एरर नाही" आल्याशिवाय पुढे जायचे नाही. मग ती लहर निवडा, वारंवारता आणि छोटा अँप्लिट्यूड द्या, सगळ्यात शेवटी आउटपुट चालू. समोर नाजूक सर्किट असेल तर हा क्रम मोडू नका. गवतासारख्या लहरीत पूर्ण रेंजच्या उड्या असतात.

आय-क्यू डेटा असेल तर

व्हेक्टर सिग्नल जनरेटरमध्ये प्रत्येक सॅम्पलचे दोन आकडे असतात (आय आणि क्यू, एकमेकांपासून ९० अंश सरकलेल्या दोन लहरींची मापे) आणि ते एकाआड एक जातात: आय, क्यू, आय, क्यू. १६ बिटांचे दोन, म्हणजे सॅम्पलला चार बाइट. एजिलेंट ई४४३८सी ला किमान ६० सॅम्पल लागतात, म्हणजे २४० बाइट, हेडर #३२४०. तिथे मोठा बाइट आधी. आय आणि क्यू वेगवेगळे नॉर्मलाइज करू नका. दोघांतला मिळून सर्वांत मोठा आकडा शोधा आणि त्यानेच दोघांना भागा, नाहीतर कॉन्स्टेलेशन (आय-क्यूच्या आलेखावरची बिंदूंची मांडणी) एका बाजूने चेपते. आय-क्यूची अदलाबदल झाली तर लेव्हल अगदी बरोबर दिसते, फक्त स्पेक्ट्रम आरशात पाहिल्यासारखा उलटा होतो. सममित सिग्नलमध्ये हे दिसतच नाही. त्यासाठी मध्यापासून १ मेगाहर्ट्झ वर असा एकच टोन पाठवा. तो १ मेगाहर्ट्झ खाली दिसला तर जोडी उलटी आहे.

फेरीच्या सांध्याचा नियम इथे आणखी कडक. मॉड्युलेशनचा बेसबँड फिल्टर लहरीच्या शेवटी अर्धवट राहिला तर दर फेरीला फेजची उडी बसते आणि शेजारच्या चॅनेलमध्ये पॉवर सांडते. फिल्टर चक्राकार लावा, म्हणजे शेवटच्या सिम्बॉलची शेपटी पहिल्या सिम्बॉलवर येऊ द्या. बर्स्ट सिग्नल असेल तर सांधा बंद काळात ठेवला की प्रश्नच मिटतो.

साठवणे

व्होलाटाइल मेमरीतली लहर वीज गेली की जाते. ३३२२०ए मध्ये ती कायमच्या मेमरीत कॉपी करता येते, पण जागा चारच आहेत. नाव १२ अक्षरांपर्यंत आणि सुरुवात अक्षरानेच हवी. पीसीवर मूळ फाइल ठेवताना फक्त बाइट ठेवू नका. शेजारी साध्या मजकुराची एक फाइल ठेवा: बिट किती, चिन्ह आहे की नाही, टेकण कुठे, मोठा बाइट आधी की लहान, पॉइंट किती, सॅम्पल रेट किती आणि ३२७६७ म्हणजे किती व्होल्ट. पूर्णांकात बदलण्याआधीचे −१ ते +१ मधले आकडेही जपा, म्हणजे उद्या १४ बिटांच्या यंत्राऐवजी १६ बिटांचे आले तर ते थेट ३२७६७ ने गुणता येतील.